कल्पित सृष्टींतील नांवें

अद्भुतरम्य कथा लिहिणाराला राज्यें निर्माण करणें सोपें. त्यांस नांवें देणें कठीण. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) हीं नांवें कानांस गोड लागतात आणि रूपाची कल्पना देतात. नायिकेस एवढें पुरे. गांवास पुरत नाहीं.

त्यासाठीं शिरूर-दौंडकडे पाहावें. शिरूर तालुक्यांत टाकळी हाजी व टाकळी भीमा, दौंडकडे बोरीभडक व बोरीऐंदी. मूळ नांव एकच. दुसरा शब्द ओळख पटविण्यापुरता. एका तळेगांवास ढमढेऱ्यांचें आडनांव जडलें, एका कवठ्यास येमाई देवीचें नांव. खुद्द शिरूरला नदीवरून लोक घोडनदी म्हणतात. हीं नांवें शोभेसाठीं कोणीं योजिलेलीं नव्हेत. नित्याच्या व्यवहारांत अडचण पडली, तेव्हां तीं लोकांच्या तोंडीं घडलीं.

संस्कृत कोश उघडून रत्नपूर, चंद्रनगर अशीं नांवें ओळीनें मांडणाऱ्या लेखकानें हें ध्यानांत घ्यावें. त्याच्या राज्यांतही एकाच नांवाचीं दोन गांवें असावींत, आणि त्यांतील भेद तेथील शेतकऱ्यानें सांगावा. मग त्या राज्यांतील राक्षसावरही वाचक विश्वास ठेवील.