सरण आणि समर्पण
संयुत्तनिकायातील पहिल्याच सुत्तात, ओघतरण सुत्तात, थांबणे व धडपडणे ही दोन्ही टाळून आपण ओघ तरलो, असे भगवंत सांगतात. यातील न धडपडण्याचा अर्थ ‘समर्पण’ असा लावणे ग्राह्य नाही. मराठीत ‘शरण जाणे’ म्हणजे हार पत्करणे. पालि ‘सरण’ म्हणजे आश्रय. या शब्दसाम्यातूनच कृपेची कल्पना धम्मात शिरते. सोण कोळिविसाला दिलेली वीणेची उपमा वीर्य सोडण्यासाठी नव्हे, सम राखण्यासाठी आहे. सैल तारांचीही वीणा वाजत नाही. डॉ. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भगवंत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. मग समर्पण कोणाला करावयाचे? सोडावयाची ती तृष्णा, प्रयत्न नव्हे.