अमिराती चित्रपटातील खंबीर स्त्रिया

संयुक्त अरब अमिरातींत चित्रपटनिर्मितीला सातत्य आले ते २००१ नंतर. त्या वर्षी मसूद अमरल्ला अल अली यांनी अबुधाबीत अमिराती चित्रपटांची स्पर्धा सुरू केली. पुढे २००४ मध्ये दुबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि २००८ मध्ये आखाती चित्रपट महोत्सव सुरू झाला. या अल्प इतिहासात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. दिग्दर्शनात त्या पहिल्या पिढीपासून आहेत आणि या पडद्यावरच्या सर्वांत लक्षणीय व्यक्तिरेखाही बहुतेक स्त्रियांच्याच आहेत. मात्र या व्यक्तिरेखा मुख्यतः माहितीपटांत आणि लघुपटांत घडल्या. पूर्ण लांबीच्या कथापटाला अशी नायिका मिळायला फार वेळ लागला.

खंबीर नायिकेची कसोटी मराठी प्रेक्षकाला ‘उंबरठा’ (१९८२) मधून परिचित आहे. सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. निर्णय तिचा असतो आणि त्याची किंमतही तीच मोजते. नायिका किती सोसते किंवा किती लढते, यापेक्षा कथेची सूत्रे तिच्या हाती आहेत का, हे महत्त्वाचे. अमिराती चित्रपटही याच कसोटीवर पाहायला हवेत.

या परंपरेतील सर्वांत भरीव काम कवयित्री आणि दिग्दर्शिका नुजूम अल गानम यांचे आहे. त्यांचा ‘बिटवीन टू बँक्स’ (१९९९) हा माहितीपट दुबईच्या खाडीत वल्ही मारून अब्रा नावाची होडी चालवणाऱ्या अखेरच्या नावाड्यावर आहे. ही खाडी देरा आणि बर दुबईच्या धक्क्यांमधून आत येऊन रास अल खोरच्या पाणथळीपर्यंत पोहोचते. तेलाआधीचे शहर या पाण्यावर जगले. ते जगणे नोंदवून ठेवण्याची निकड या सुरुवातीच्या कामातच दिसते. पुढे हीच निकड त्यांना स्त्रियांकडे घेऊन गेली.

‘हमामा’ (२०१०) ही शारजातील अल धैद येथे पारंपरिक उपचार करणाऱ्या वृद्ध स्त्रीची कथा आहे. तिच्याकडे पदवी नाही, पण हातात गुण आहे आणि रुग्णांचा तिच्यावर विश्वास आहे. वृद्ध स्त्री म्हणजे केवळ जुन्या आठवणींचे गाठोडे, हा समज हा माहितीपट मोडतो. ‘अमल’ (२०११) मध्ये सीरियातून अमिरातींत कामासाठी आलेली रंगभूमीवरची अभिनेत्री अमल हुवैजा आहे. नोकरी मिळते, रंगमंच मात्र दूर राहतो. तिचे खंबीरपण त्या तुटलेपणाला नाव देण्यात आहे. ‘निअरबाय स्काय’ (२०१४) ची नायिका फातिमा अल हामली उंटांच्या सौंदर्यस्पर्धेत आपले उंट उतरवणारी पहिली अमिराती स्त्री. मैदान, लिलाव, परीक्षण सारेच पुरुषांचे. दिग्दर्शिका तिला बंडखोर म्हणून रंगवत नाहीत. उंटांवर माया करणारी आणि त्यांची पारख असलेली मालकीण म्हणून ती हक्काने तिथे उभी राहते. परंपरा नाकारण्याऐवजी तिच्यातला आपला वाटा मागणारी ही नायिका आखाती समाजाचे वास्तव अचूक टिपते.

कथात्म लघुपटांची वाट नायला अल खाजा यांनी रुंद केली. ‘अरबाना’ (२००६) मध्ये त्यांनी बालशोषणासारखा झाकून ठेवला जाणारा विषय घेतला. ‘मलल’ (२०१०) मधले नवविवाहित अमिराती जोडपे मधुचंद्रासाठी केरळात येते आणि ठरवून झालेल्या लग्नातला रितेपणा पत्नीच्या नजरेतून उलगडतो. या नायिका फार बोलत नाहीत; निर्णयाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतात आणि तिथे लघुपट थांबतो. नायला यांचा पूर्ण लांबीचा कथापट ‘थ्री’ २०२३ मध्ये आला. आजारी मुलासाठी मांत्रिक आणि डॉक्टर यांच्यात अडकलेली आई त्याच्या केंद्रस्थानी आहे. भयपटाच्या चौकटीतही निवडीचे ओझे तिच्यावरच राहते.

शेजारच्या देशांतील चित्रपटांनी या वातावरणाला बळ दिले. सौदी दिग्दर्शिका हैफा अल मन्सूर यांच्या ‘वाज्दा’ला (२०१२) दुबईच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अरबी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. सायकलसाठी पैसे जमवणारी दहा वर्षांची मुलगी इथे अख्ख्या व्यवस्थेला प्रश्न विचारते. येमेनच्या खदीजा अल सलामी यांनी ‘आय अ‍ॅम नुजूम, एज टेन अँड डिव्होर्स्ड’ (२०१४) मध्ये बालवधूला न्यायालयापर्यंत नेले.

माहितीपटापासून सुरुवात होणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. मराठीत सुमित्रा भावे यांनी वस्तीतल्या स्त्रीवरील ‘बाई’ (१९८५) या लघुपटापासून सुरुवात केली आणि दहा वर्षांनी सुनील सुकथनकर यांच्यासह ‘दोघी’ (१९९५) हा कथापट दिला. प्रत्यक्ष स्त्रियांशी झालेल्या संवादातूनच त्यांच्या काल्पनिक नायिकांना सच्चेपणा आला. अमिराती चित्रपटांकडेही अशी शिदोरी आहे. खंड पडला तो व्यासपीठांत. आखाती महोत्सव २०१३ नंतर झाला नाही आणि दुबई महोत्सवाची २०१७ ची आवृत्ती अखेरची ठरली. लघुपटाकडून कथापटाकडे जाणाऱ्या दिग्दर्शिकांना प्रेक्षक आणि निर्माते जिथे भेटत, ती जागाच गेली.

दुसरी उणीव आशयाची आहे. या देशात बहुसंख्य लोक परदेशी आहेत. घरकाम, शुश्रूषा, विक्री आणि हिशेब सांभाळणाऱ्या मलयाळी, फिलिपिनो, मराठी स्त्रियांवर इथले दैनंदिन जीवन उभे आहे. वर पाहिलेल्या अमिराती चित्रपटांत ‘अमल’ वगळता स्थलांतरित स्त्री नायिका नाही. अली मुस्तफा यांच्या ‘सिटी ऑफ लाइफ’ (२००९) मध्ये रुमानियन हवाई सेविका महत्त्वाची आहे. पण तिच्या कथानकाला वळण मिळते ते पुरुषाने केलेल्या फसवणुकीने. रास अल खोरसारख्या गोदामे आणि गॅरेजच्या औद्योगिक भागाच्या आसपास राहणाऱ्या, पगाराचा मोठा हिस्सा गावी पाठवणाऱ्या स्त्रीचे निर्णय या पडद्यावर क्वचितच दिसतात.

नुजूम अल गानम यांनी हमामा आणि फातिमा यांना जो आदर आणि जो वेळ दिला, तोच या स्त्रियांना देणारा कथापट ही अमिराती चित्रपटाची आजची खरी गरज आहे. त्यासाठी लागणारी दृष्टी आणि कसब या परंपरेने कमावले आहे. नियमित महोत्सव, लघुपटांपलीकडे जाणारे अर्थसाहाय्य आणि स्थलांतरित लेखिकांना पटकथेत स्थान एवढे मिळाले, तर ती गरज भागू शकते.