‘पब्लिक’ म्हणजे कोण? : लोकांच्या मालकीचा पब आणि त्याविषयीचे लेखन

दारू प्यायच्या जागेला मराठीत शब्द कमी नाहीत. गुत्ता आहे, बार आहे, परमिट रूम आहे, देशी दारूचे दुकान आहे. यांतल्या एकाही शब्दात ‘घर’ नाही. ‘पब’ हा शब्द आपल्याकडे उशिरा आला आणि पुण्या-मुंबईच्या महागड्या, कानठळ्या बसवणाऱ्या जागांना चिकटला. मूळ इंग्रजीत मात्र तो ‘पब्लिक हाऊस’चे लघुरूप आहे. सगळ्यांसाठी उघडे असलेले घर, असा त्याचा सरळ अर्थ.

गेली काही वर्षे मी ब्रिटनमधल्या सहकारी चळवळीविषयी मिळेल ते वाचतो आहे. गावाने किंवा वस्तीने भागभांडवल उभे करून विकत घेतलेल्या पबांचे उल्लेख त्या वाचनात वरचेवर भेटतात, आणि त्यांच्याबरोबर एक वाक्यही ठरल्यासारखे येते : हा पब वेगवेगळ्या थरांतल्या माणसांना एकत्र आणतो. एखादे वाक्य इतक्या सहज आणि इतक्या वेळा लिहिले जाऊ लागले की ते तपासावे, असे मला वाटते. पब माणसे खरोखर एकत्र आणतो का? आणत असेल, तर ते बिअरचे काम, वातावरणाचे की मालकीचे?

वातावरणाची बाजू सर्वांत देखणेपणाने मांडली जॉर्ज ऑर्वेलने. ९ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये त्याचा ‘द मून अंडर वॉटर’ हा छोटा लेख प्रसिद्ध झाला. त्यात एका आवडत्या पबचे वर्णन आहे आणि शेवटी असा पब अस्तित्वातच नसल्याचा खुलासा आहे. रेडिओ नाही, पियानो नाही, बोलता येईल इतकी शांतता आहे, नावाने ओळखणाऱ्या बाया गल्ल्यावर आहेत, मागे बाग आहे. आजही पबविषयी कोणी हळवे होऊन लिहू लागले की या लेखाची आठवण काढली जाते.

पण लेख सावकाश वाचला तर दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे, हा पब आडगल्लीत आहे आणि दारुडे, दंगेखोर तिथवर पोचत नाहीत, हे ऑर्वेल अगदी आरंभी सांगतो. म्हणजे नको असलेल्यांना न सापडणे हा या सार्वजनिक घराचा आद्य गुण! दुसरी म्हणजे, या घरात खोल्या आहेत : साधा बार वेगळा, थोडा वरच्या दर्जाचा वेगळा, बायकांचा वेगळा, आणि लोकांदेखत प्यायला संकोचणाऱ्यांनी बिअर घरी न्यावी म्हणून एक खिडकी वेगळी. ऑर्वेलच्या न्यायबुद्धीविषयी शंका घ्यायचे कारण नाही. बाग असल्यामुळे आईला मुले सांभाळत घरी अडकून राहावे लागत नाही, याचे मोल त्याला कळते. तरीही त्याच्या स्वप्नातल्या पबलाही भिंती आहेत, आणि त्या त्याला सोयीच्याच वाटतात.

या भिंतींचे मोजमाप त्याआधीच झाले होते. ‘मास ऑब्झर्वेशन’ ही सामान्य माणसांच्या रोजच्या जगण्याची निरीक्षणे टिपणारी संस्था १९३७ मध्ये स्थापन झाली. तिच्या निरीक्षकांनी लँकेशायरमधल्या बोल्टन या गिरणगावातले पब पालथे घातले. कोण कुठे बसतो, पेला किती वेळात रिकामा करतो, काय बोलतो, हे सारे टिपले. त्यातून १९४३ मध्ये ‘द पब अँड द पीपल’ हे पुस्तक निघाले. ऑर्वेलने त्याचे परीक्षणही लिहिले होते.

या पुस्तकाचे मुख्य म्हणणे मला आजही मोलाचे वाटते. चर्चमध्ये, चित्रपटगृहात, राजकीय सभेत सामान्य माणूस समोर चाललेले पाहतो, ऐकतो. पबमध्ये मात्र तो स्वतः भाग घेतो. तिथे काय बोलायचे हे त्याच्यासाठी आधी कोणी ठरवलेले नसते. पण याच पुस्तकातली टिपणे या म्हणण्याची मर्यादाही दाखवतात. बोल्टनच्या पबमधली ‘व्हॉल्ट’ ही खोली फक्त पुरुषांची. बायकांना तिथे प्रवेश नव्हता. बायका बसत त्या सजवलेल्या खोलीत तीच बिअर पेनीभर महाग मिळे. एकाच छपराखाली, एकाच पिंपातली बिअर, आणि दर मात्र खोलीप्रमाणे. एकत्र येणे म्हणजे एका इमारतीत असणे, एवढ्यावरच भागवायचे असेल तर बोल्टनचे पब आदर्श होते.

तिसरे पुस्तक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांचे, ‘द ग्रेट गुड प्लेस’, १९८९ चे. घर ही पहिली जागा, कामाचे ठिकाण दुसरी, आणि या दोन्हींच्या बाहेर जिथे माणूस विनाकारण जाऊन बसतो ती तिसरी जागा, ही त्यांची मांडणी आता सर्वतोमुखी झाली आहे. तिसरी जागा लहान-थोर भेद पुसते, असे ते म्हणतात. त्या जागेचा नूर तिथले नेहमीचे लोक ठरवतात आणि नवख्याला त्यांच्या पसंतीस उतरावे लागते, असेही म्हणतात. या दोन विधानांमधला ताण त्यांना फारसा जाणवलेला दिसत नाही. नेहमीचे लोक भेद मानणारे असले तर तिसरी जागा भेद पुसणार कशी?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. बर्मिंगहॅमलगतच्या स्मेदिक गावात कारखान्यांतून राबणाऱ्या पंजाबी कामगारांना विसाव्या शतकाच्या साठीत अनेक पबांच्या चांगल्या खोल्यांत बसू देत नसत. दिवसभर शेजारच्या यंत्रावर काम करणारा गोरा सोबती संध्याकाळी ज्या खोलीत शिरे, तिचे दार यांना बंद असे. इंडियन वर्कर्स असोसिएशनने याविरुद्ध लढा दिला. तिच्या निमंत्रणावरून फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स स्मेदिकला आले आणि ‘ब्लू गेट्स’ नावाच्या पबमध्ये त्यांनाही हाच अनुभव आला. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदविरोधी कायदा झाला आणि सार्वजनिक जागी असा मज्जाव करणे बेकायदा ठरले. पुढे त्या भागातले कित्येक पब पंजाबी माणसांनीच चालवायला घेतले. आज ते ‘देसी पब’ म्हणून ओळखले जातात आणि तिथे सगळ्या रंगांची माणसे एकाच खोलीत जेवतात. डेव्हिड जेसुदासन यांनी २०२३ मध्ये त्यांच्यावर ‘देसी पब्स’ हे पुस्तकच लिहिले.

सार्वजनिक म्हटलेल्या जागेत सर्व जन येत नाहीत, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. लक्षात घ्यायचे ते असे की स्मेदिकचे दार वातावरणाने उघडले नाही. ते आधी संघटनेने, मग कायद्याने आणि शेवटी मालकी बदलल्याने उघडले.

आता लोकांच्या मालकीच्या पबकडे येऊ. सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, जागांचे वाढते भाव, पब-साखळी कंपन्यांची भाडी अशा अनेक कारणांनी ब्रिटनमधले पब गेली काही दशके बंद पडत आहेत. यावर एक उपाय कंब्रिया परगण्यातल्या हेस्केट न्यूमार्केट या लहानशा गावाने शोधला. तिथल्या लोकांनी १९९९ मध्ये गावातला बिअरचा कारखाना सहकारी केला आणि २००३ मध्ये ‘ओल्ड क्राऊन’ हा पबही. पुढे २०११ च्या लोकलिझम कायद्याने इंग्लंडमधल्या वस्त्यांना एक हत्यार दिले. एखादी वास्तू लोकोपयोगी म्हणून नोंदवली गेली की ती विकायला काढताना मालकाला थांबावे लागते आणि लोकांना पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. वास्तू लोकांनाच विकावी, असे बंधन मात्र मालकावर नाही. आग्नेय लंडनमधला ‘आयव्ही हाऊस’ हा अशी नोंद झालेला पहिला पब. २०१३ मध्ये ३७१ भागधारकांच्या बळावर तो लोकांचा झाला.

अशा बहुतेक संस्थांत भाग कितीही घ्या, मत एकच. भाग बाजारात विकून नफा कमावता येत नाही. हे तत्त्व आपल्याला परके नाही. बोल्टनजवळच्याच रॉचडेलमधल्या विणकरांनी १८४४ मध्ये सहकारी दुकान काढले, आणि त्यांच्या नियमांचा वारसा आपल्या पतसंस्था, साखर कारखाने आणि गृहनिर्माण संस्थाही सांगतात. त्यामुळे ‘एक सभासद, एक मत’ हे वाचून इंग्रज लेखक जसा भारावतो तसे मला भारावता येत नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी तीच दहा माणसे सगळे ठराव मंजूर करतात, हे मी आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मालकी सगळ्यांची असली तरी कारभार सगळ्यांचा होतोच असे नाही.

इथेच या विषयावरच्या ताज्या लेखनाविषयी माझी तक्रार आहे. वर्तमानपत्री लेख, संस्थांची पुस्तिका, अहवाल यांतली कथा बहुधा एकाच साच्याची असते : पब बंद पडतो, गाव पेटून उठते, पैसे जमतात, दार उघडते, टाळ्या. पण दार उघडल्यावरच खरी कथा सुरू होते. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिथे कोण बसलेले असते? भाग घेण्याइतके पैसे कोणाकडे होते, कोणाकडे नव्हते? पेले कोण विसळतो?

या प्रश्नांना दोन पब दोन वेगळी उत्तरे देतात. ब्रायटन शहराच्या कडेला गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी घरांच्या वस्तीत एक पब होता. भांडणतंट्यांमुळे २०१० मध्ये तो बंद करण्यात आला. वस्तीतल्या लोकांनी डिसेंबर २०१४ मध्ये तो ‘द बेव्ही’ या नावाने पुन्हा उघडला. भाग अगदी थोड्या पैशांतही घेता येत असल्याने भागधारक सातशेच्या वर गेले. इथे मला महत्त्वाचे वाटते ते असे की बेव्हीने बिअरच्या भरवशावर माणसे जमवली नाहीत. म्हाताऱ्यांसाठी ठरल्या दिवशी जेवण, भाजीपाल्याची बाग, एकट्या माणसांना घेऊन येणारी छोटी बस, अशी एकेक कारणे तिथे मुद्दाम निर्माण केली गेली. न पिणाऱ्या माणसालाही तिथे येण्यासाठी काही निमित्त आहे. माणसे आपोआप एकत्र येत नाहीत, त्यांना आणावे लागते, हे या वस्तीने ओळखले.

आयव्ही हाऊसची गोष्ट अधिक बोचरी. २०१८ मध्ये तिथल्या नोकरांनी संप केला. आठवड्याला किती तास काम मिळेल याची कसलीच हमी न देणारे करार आणि सहकाऱ्यांची बडतर्फी याविरुद्ध हा संप होता. लोकांच्या मालकीच्या, बचावाची कथा म्हणून देशभर गाजलेल्या पबमध्ये! काढलेल्यांना परत घेतले गेले आणि कराराची पद्धतही बदलण्याचे मान्य झाले. गल्ल्याच्या अलीकडे बसलेला भागधारक ‘आम्ही’ म्हणतो, तेव्हा गल्ल्यापलीकडचा माणूस त्यात असतो का, हा प्रश्न त्या संपाने विचारला. साखर कारखान्याचे भागधारक आणि ऊसतोड कामगार ज्या मुलखात राहतात, तिथल्या वाचकाला या प्रश्नाचा रोख चटकन कळेल. तरी एक फरक मानला पाहिजे. कंपनीच्या पबमध्ये हा वाद दूरच्या कार्यालयाशी झाला असता. इथे तो शेजाऱ्यांशी झाला, आणि शेजाऱ्यांना उत्तर द्यावे लागले.

काही वाचक मनात म्हणत असतील, दारूच्या अड्ड्याचे एवढे कौतुक कशाला? आपल्याकडे गावोगावच्या बायका मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडून आणतात आणि दुकान बंद पाडतात. त्यांनी भोगलेले पाहता त्यांचे बरोबरच आहे. पण आडवी बाटली आणि बेव्ही यांना मी परस्परविरोधी मानत नाही. वस्तीतल्या दारूच्या जागेविषयी वस्तीने, आणि त्यातही आजवर जिला कोणी विचारले नाही अशा बाईने, मत देऊन निर्णय करायचा, हे दोन्हीकडे समान आहे. बोल्टनच्या व्हॉल्टमध्ये जिला पाऊल टाकता येत नव्हते, ती आज भागधारक म्हणून वार्षिक सभेत हात वर करू शकते. एका ठिकाणी निर्णय बंद करण्याचा झाला, दुसरीकडे उघडण्याचा.

म्हणून मूळ वाक्य मी थोडे बदलून लिहीन. लोकांच्या मालकीचा पब माणसांना एकत्र आणतोच असे नाही. कोण आले नाही हे विचारायची सोय मात्र तो करतो. ऑर्वेलच्या पबमध्ये हा प्रश्न विचारायला जागा नव्हती, कारण तो पब त्याच्या एकट्याच्या मनात होता. स्मेदिकला तो विचारण्यासाठी लढा द्यावा लागला. सहकारी पबमध्ये तो सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेता येतो. घेतला जाईलच याची हमी कोणताही कायदा देत नाही. त्यासाठी सभासदांनी सभेला यावे लागते, आणि पहिला अर्धा तास थांबावेही लागते.