‘रस नाही’ असं लिहिण्याआधी

प्रपोजल लिहिताना एक वाक्य फार सहज उतरतं: ‘ओपन सोर्समध्ये ग्रामीण मुलींना रस नाही.’ हा निष्कर्ष असेल, तर त्याला पुरावा काय?

2017 मध्ये गिटहबने ओपन सोर्सचं मोठं सर्वेक्षण केलं. उत्तर देणाऱ्यांत 95 टक्के पुरुष होते आणि स्त्रिया फक्त 3 टक्के. बहुतेक लेख हा आकडा देऊन थांबतात. पण हा आकडा कुणाचा? मुख्यतः गिटहबवरच्या प्रकल्पांपर्यंत पोहोचलेल्यांचा. जी तिथवर आलीच नाही, तिच्या मनात काय आहे हे त्यातून कळत नाही.

आता जीनोम प्रकल्पाचं उदाहरण बघा. 2006 मध्ये ‘गूगल समर ऑफ कोड’साठी त्यांच्याकडे 181 अर्ज आले, त्यात एकही स्त्रीचा नव्हता. मग त्यांनी खास स्त्रियांसाठी उपक्रम जाहीर केला, तर शंभराहून जास्त अर्ज आले! सहा जणींची निवड झाली. म्हणजे रस होताच, बोलावणं नव्हतं. यातूनच पुढे ‘आउटरीची’ उभं राहिलं.

आउटरीची मला मोलाचं वाटतं. मानधन मिळतं, काम घरून करता येतं. पण त्याच्याही दाराची मापं घ्यायला हवीत. निवडीआधी साधारण महिनाभर मानधनाशिवाय योगदान करून दाखवावं लागतं. डिसेंबरच्या फेरीसाठी हा काळ ऑक्टोबरच्या आसपास येतो. त्याशेजारी बीड जिल्ह्याचं वेळापत्रक ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. समजा, गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याची एखादी मुलगी घरी आहे आणि आईवडील तोडीला गेलेत. घरची म्हातारी माणसं, धाकटी भावंडं, जनावरं कुणाकडे? तिच्याकडेच. वर अर्जात स्वतःची अडचण इंग्रजीतून मांडायची. ज्यांच्यासाठी दार उघडलं, त्यांच्याच पायात उंबरा आडवा येतो.

उपाय फार अवघड नाहीत. योगदानाचा काळ लवचिक ठेवा. तासाभरात संपेल असं पहिलं काम द्या, प्रश्न मराठीतून विचारू द्या. त्याच सर्वेक्षणात 93 टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही अडचण सांगितली होती. म्हणजे कोडशिवायचं कामही भरपूर पडलंय. मराठी भाषांतर, सूचना तपासणं इथून सुरुवात होऊ शकते.

आणि तुमच्या अभ्यासासाठी एवढंच: ‘किती जणी आहेत’ एवढंच मोजू नका. किती जणींना माहिती मिळाली, किती जणींनी अर्ज उघडला, किती जणींनी तो अर्धवट सोडला आणि कोणत्या महिन्यात, हे वेगवेगळं विचारा. गैरहजेरी म्हणजे नकार नव्हे. दोन्ही एकाच रकान्यात टाकले, तर चूक त्या मुलीच्या नावावर जाईल आणि दार तसंच राहील.