टेम्पो वगळलेली गोष्ट

अलिबाग-मुरूड रस्त्यावरची ही पोस्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. नारळाला टेकवलेली सायकल, मागे समुद्र, कोपऱ्यात अ‍ॅपमधला लाल रेघेचा नकाशा. खाली किलोमीटर, एकूण चढ, सरासरी वेग. मग दोन ओळी: कोकणचा निसर्ग, इतिहासाचा वारसा, मनाची शांतता. व्हिडिओ असेल तर ड्रोन वर जातो, रस्ता रिबिनीसारखा दिसतो आणि त्यावर एकही माणूस नसतो.

गेल्या जानेवारीत मीही अशी एक पोस्ट लिहिली. ‘तीन पिढ्या, चार सायकली, ७० किलोमीटर.’ भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा आणि तिथून अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद करत मुरूड. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि एकाहत्तर वर्षांचे बाबा. टाकण्याआधी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, “यात टेम्पो कुठाय?”

टेम्पो नव्हता. मी तो वगळला होता, आणि वगळताना मला काही वाटलंही नव्हतं. कारण या प्रकारच्या लेखनात टेम्पो नसतोच. तो का नसतो आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय गळतं, हे मला इथे पाहायचं आहे.

आपलं सायकलप्रवासाचं लेखन हे गडकोटांच्या लेखनाचं धाकटं भावंड आहे. भाषा तिथूनच आली आहे: घाट ‘सर’ करायचा, मोहीम ‘फत्ते’ करायची, शेवटी भगव्याखाली फोटो. डोंगरावर ती भाषा शोभते. सपाट किनाऱ्यावर सहकुटुंब निवांत सायकल चालवण्याला ती लावली की गोंधळ होतो. निवांतपणात सर करण्यासारखं काही नसतं, म्हणून मग आकडे येतात. आणि आकड्यांना थांबणं परवडत नाही. अ‍ॅपमध्ये तर सोयच आहे: तुम्ही थांबलात की घड्याळही थांबतं. चालण्याचा वेळ वेगळा, एकूण वेळ वेगळा, आणि आपण सांगतो तो पहिला.

आमचा सगळा प्रवास त्या न मोजलेल्या वेळात होता.

लेकीच्या वेगाने, म्हणजे तासाला आठ-दहा किलोमीटरने, हा किनारा वेगळाच दिसतो. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येतं. आम्ही पोचलो तेव्हा भरती होती. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याने सांगितलं, तीन तास थांबा. थांबलो. त्या तीन तासांत आम्ही अलिबागेत नुसते भटकलो. कान्होजी आंग्र्यांची समाधी पाहिली, ते १७२९ साली गेले. इस्राएल आळी पाहिली. लेकीने विचारलं, इथे इस्राएल कुठून आलं? मग नवगावाजवळ फुटलेल्या जहाजाची बेने इस्राएलांची कथा, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, आणि पुढे इस्राएलला गेल्यावरही घरात मराठी बोलणारी माणसं, असं सगळं फुटपाथवर बसून सांगावं लागलं. १९०४मध्ये मुंबईची चुंबकीय वेधशाळाही इथेच आली, कारण विजेच्या ट्रॅममुळे कुलाब्यातली उपकरणं नीट मोजेनात. म्हणजे मुंबईच्या गोंगाटाला कंटाळून अलिबागला येणारे आपण काही पहिले नाही!

रेवदंड्यात तर रस्ताच पोर्तुगीज तटबंदीतून जातो. गाडीतून तो फक्त अरुंद भाग असतो, हॉर्न द्यायचा आणि निघायचं. लेक उतरली आणि तिने भिंतीची जाडी पावलांनी मोजली. खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. १७४० साली मराठ्यांनी इथून पोर्तुगीजांना घालवलं, पण त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली गावात राहून गेली. बोलणारी माणसं हजारभर. ती तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. व्हिडिओत कोर्लईचा किल्ला असतो, दीपगृह असतं, वरून दिसणारं निळं पाणी असतं. ही भाषा नसते. ती ड्रोनला ऐकू जात नाही.

जंजिऱ्याचंही तेच. सगळ्या पोस्टींत एकच शब्द: ‘अजिंक्य’. तो उच्चारला की पुढचं बोलणं संपतं. अजिंक्य कुणी ठेवला, ते सिद्दी आफ्रिकेतून इथवर कसे आले, १९४८मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत इथे कसे राहिले, राज्य कसं केलं, याला कॅप्शनमध्ये जागा नसते. किल्ला आपल्या बाजूचा नसला की आपण फक्त त्याची तोफ दाखवतो.

आता टेम्पोची गोष्ट.

कोर्लई सोडल्यावर रस्ता चढ-उताराचा होतो. शनिवार होता. मुंबई-पुण्याच्या गाड्या काशीदकडे सुटल्या होत्या. एका उतारावर मागून मोठी गाडी आली, समोरूनही एक आली. लेकीने घाबरून सायकल डांबराखाली घेतली. साइडपट्टी नव्हतीच, वीतभर खोल खडी होती. ती पडली. गुडघा आणि तळहात सोलवटले, एवढंच. पण गाडीचं चाक तिच्या हेल्मेटपासून किती लांबून गेलं ते मी पाहिलं आहे, आणि तो आकडा मला लिहायचा नाही.

बाबांनी त्यांची काळी सायकल स्टँडला लावली आणि म्हणाले, “बास.” रिकाम्या बर्फाच्या पेट्या घेऊन मुरूडकडे निघालेला एक टेम्पो त्यांनी हात करून थांबवला. चारही सायकली पेट्यांवर चढल्या. माशांच्या वासात बसून आम्ही मुरूडला पोचलो. ७० किलोमीटरांतले शेवटचे वीसेक आम्ही चालवलेच नाहीत.

बाबांनी तीस वर्षं पेण तालुक्यात टपाल वाटलं. त्यांच्यासाठी सायकल म्हणजे पावसात चिखलातून ढकलायची, मनीऑर्डरची पिशवी दांडीला अडकवायची वस्तू. निघण्याआधी ते मला म्हणाले होते, “अगं, सायकल चालवायला कुणी रजा टाकतं का?” आम्ही हसलो होतो. आता वाटतं, त्या एका वाक्यात या सगळ्या लेखनाची टीका होती. किनाऱ्यावर आजही सायकल कामाची आहे. शाळेत जाणारी मुलगी, वाडीतला गडी, सकाळी पाव घेऊन फिरणारा माणूस. आपल्या फोटोंत ते नसतात. असले तर धूसर असतात, आणि फोकस आपल्या कार्बनच्या फ्रेमवर. आपला निवांतपणा कुणाच्या तरी कामाच्या रस्त्यावरून जातो. घोडागाडीवाला, खानावळीतली मावशी, बर्फाचा टेम्पो हे सगळे तो निवांतपणा उचलून धरतात, आणि आपण लिहितो ‘मी आणि समुद्र’.

याच प्रदेशाशी जोडलेली दोन जुनी प्रवासवर्णनं यासमोर ठेवून बघा. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९च्या सुमारास चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. त्याच्याबरोबर विकायला आणलेला एक घोडा होता. तो चौलहून जुन्नरला गेला, वाटेत तीनेक आठवडे गेले, आणि तो ते दिवस टप्प्याटप्प्याने नोंदवतो. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला, धर्म बदलला तरच परत देईन म्हणाला, आणि दुसऱ्याच्या मध्यस्थीने घोडा कसाबसा सुटला. इकडे आपल्या देशात नेण्यासारखा माल नाही, लोकांनी आपल्याला फसवलं, हे निकितिन लपवत नाही.

दुसरे आपले गोडसे भटजी, पेणजवळच्या वरसईचे. १९०७ साली छापलं गेलेलं त्यांचं ‘माझा प्रवास’ हे मराठीतल्या पहिल्या प्रवासवर्णनांपैकी एक. तो प्रवास कौटुंबिकच आहे, कारण बरोबर काका आहेत. हेतू उघड आहे: घरावर कर्ज आहे, दक्षिणा मिळवायची आहे. वाटेत १८५७चा उठाव भेटतो. भीती वाटते, लूट होते, कमावलेलं जातं, आणि शेवटी हातात उरतं ते आई-वडिलांसाठी कावडीतून आणलेलं गंगाजल.

या दोघांनी नुकसान लिहिलं, म्हणून त्यांचा रस्ता आपल्याला दिसतो. आपण फक्त पोचणं लिहितो, म्हणून आपला रस्ता रिकामा दिसतो.

या पोस्टींवर मी निव्वळ नाराज नाही. त्यांच्यामुळेच आम्ही निघालो. पंक्चरचं दुकान कुठे, पाणी कुठे, रो-रोवर सायकल चढवतात का, हे मला अनोळखी लोकांच्या पोस्टींतूनच कळलं. एकट्याने निघालेल्या बायकांचे व्हिडिओ बघून माझी भीड चेपली, हे ऋण मोठं आहे. पण त्यातल्या एकाही पोस्टीत, शनिवारी दुपारी कोर्लईच्या पुढे लहान मूल घेऊन जाऊ नका, असं नव्हतं. त्या लोकांना गाड्या भेटल्या नसतील असं नाही. लिहिण्याचा साचाच असा की भेटलेली गाडी लिहायची नसते. माझी पोस्ट तशीच गेली असती तर ती वाचून आणखी एखादं कुटुंब, आणखी एक नऊ वर्षांची मुलगी त्याच उतारावर आली असती.

प्रश्न एका उताराचा नाही. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं काम सुरू आहे. खाड्यांवर पूल होतील, रस्ता रुंद होईल, वेग वाढेल. त्या रस्त्यावर सायकलसाठी पट्टी हवी का, हे कुणी विचारलं तर उत्तर म्हणून आपल्याकडे काय आहे? हजारो पोस्टी, आणि प्रत्येकीत लिहिलेलं: रस्ता मस्त, एकदा तरी जाच. मागणी करायला आधी तक्रार लिहिलेली असावी लागते. आपण तक्रारी कापून टाकल्या आणि सूर्यास्त ठेवला.

मी पोस्ट पुन्हा लिहिली. आकडा ५० केला. शनिवार लिहिला, उतार लिहिला, खडी लिहिली. कुलाब्याच्या भरतीचे तीन तासही घातले. शक्यतो मंगळवार-बुधवारी जा, पहाटे निघा, मूल बरोबर असेल तर रेवदंड्याला थांबा, असंही लिहिलं. लाइक्स कमी आल्या. दोन जणींनी मात्र मेसेज करून विचारलं, मांडवा ते रेवदंडा मुलांना जमेल का? जमेल, म्हटलं, पण चौलला उशीर होईल, वाड्या बघण्यासारख्या आहेत.

बाबांना नवीन मजकूरही वाचून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोन हातात घेऊन स्वतः एकदा वाचला.

“टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत,” म्हणाले, “तेवढं घाल.”