'आजचा सुधारक' आणि मोर्शीची विहीर

तत्त्वज्ञान म्हणजे ब्रह्म, माया आणि मोक्ष, असा समज शिक्षकवर्गातही आढळतो. तो दूर करण्याचे काम ज्या थोड्या मराठी नियतकालिकांनी केले, त्यांत नागपूरच्या 'आजचा सुधारक'चे स्थान वरचे आहे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी ते १९९० मध्ये सुरू केले. नावामागे आगरकरांच्या १८८८ च्या 'सुधारक'चे स्मरण होते. आगरकर काही काळ अकोल्याच्या शाळेत शिकले. म्हणजे या परंपरेशी वऱ्हाडचे नाते जुने आहे.

दि. यं.च्या 'विवेकवाद' या लेखमालेचा मोठा गुण आम्हाला असा वाटतो : विधान वस्तुस्थितीविषयी आहे की मूल्याविषयी, हे तपासण्याची सवय ती वाचकाला लावते. 'आहे' यावरून 'असावे' हे आपोआप निष्पन्न होत नाही, एवढे कळले तरी निम्मे वाद सरळ होतात.

ही कसोटी मोर्शीच्या पाण्याला लावून पाहू. मोर्शी-वरुड हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहाराची फळे उन्हाळाभर झाडावर असतात आणि तेव्हाच विहिरी आटतात. मग बोअर खोल जातात. पुनर्भरणापेक्षा उपसा जास्त असल्याचे येथील शासकीय पाहण्यांत वारंवार नोंदले गेले आहे. ही वस्तुस्थिती, ती मोजता येते. परंतु ते पाणी कोणाचे? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क मानला. उलट, महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणण्यास मनाई केली. दोन कायद्यांमागे दोन मूल्ये आहेत : मालकी आणि सर्वांची तहान. यांपैकी श्रेष्ठ कोणते, हे भूजलमापक सांगू शकत नाही. आणि पाणी किती उरले हे ठाऊक नसताना नुसते नीतिशास्त्रही आंधळेच.

येथेच आमची तक्रार आहे. अशा लेखनात पुष्कळदा व्याख्या आधी येते, सिद्धांत मागून येतो आणि उदाहरण वाचकाने शोधावे अशी अपेक्षा असते. महाविद्यालयीन वाचकाला ते जमते. नववीच्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षकाला मात्र उलटा क्रम सोयीचा : आधी विहीर, मग प्रश्न, शेवटी सिद्धांत. सुबोधता केवळ सोप्या शब्दांनी येत नाही; वाचकाच्या आयुष्यातला पेच लेखकाने उचलावा लागतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जवळचे उदाहरण घेतले की रागलोभ जागे होतात. वर्गात बागाईतदाराचा मुलगा असतो, तसा टँकरच्या रांगेत उभी राहणारी मुलगीही असते. 'दोष कोणाचा?' असे विचारले तर भांडण होईल. 'कोणता नियम दोघांनाही मान्य करता येईल, आणि का?' असे विचारले तर विचार सुरू होईल. दि. यं.च्या काटेकोरपणाची गरज नेमकी तेथे भासते.

म्हणून विज्ञानशिक्षकांनी ही लेखमाला जरूर वाचावी. जलचक्राचा पाठ संपल्यावर एक तास 'पाणी कोणाचे?' या प्रश्नाला द्यावा. उत्तर फळ्यावर लिहून देऊ नये. प्रत्येक उत्तरामागचे कारण मात्र अवश्य मागावे.