अटलांटाला तिसरी संधी? हो, पण...

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात आणि डोळ्यांसमोर हिरवं मैदान येतं. बर्फावरची हॉकी मी पहिल्यांदा पाहिली ती 2007 च्या एप्रिलमध्ये, अटलांटा थ्रॅशर्सच्या प्लेऑफ सामन्यात. नुकतंच एम.एस. झालं होतं आणि मित्राकडे एक तिकीट जास्तीचं होतं. नियम फारसे कळले नाहीत, पण प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याने कान बधिर झाले. त्यामुळे "अटलांटाला हॉकी आवडतच नाही" असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

अर्थात, लोक तसं म्हणतात त्याला कारण आहे. फ्लेम्स हा संघ इथे 1972 मध्ये आला आणि 1980 मध्ये कॅल्गरीला गेला. थ्रॅशर्स 1999 मध्ये आले, 2011 मध्ये विनिपेगला गेले. दोनदा संघ गमावलेलं शहर तिसऱ्यांदा हात पुढे करतंय म्हटल्यावर लोक हसणारच.

पण आमच्या आयटीत प्रोजेक्ट फसलं की आधी मूळ कारण शोधतात, सगळं खापर युजरवर फोडून चालत नाही. थ्रॅशर्सनी प्लेऑफ गाठली फक्त एकदा, आणि तिथेही रेंजर्सनी त्यांना 4-0 असं घरी पाठवलं. होसा, कोवाल्चुक यांच्यासारखे खेळाडू दुसऱ्या संघांकडे गेले. मालकमंडळी तर आपसातच कोर्टात भांडत होती. अशा दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर दोष गिऱ्हाइकाचा कसा?

गंमत म्हणजे, आपला संघ घेऊन गेलेल्या विनिपेगनेही 1996 मध्ये स्वतःचा संघ गमावला होता. डेन्व्हरचा संघ 1982 मध्ये गेला. 1995 मध्ये नवा आला आणि त्याने पहिल्याच मोसमात स्टॅन्ली कप जिंकला! प्रेक्षकांचं म्हणाल, तर 2018 मध्ये सॉकरच्या अंतिम सामन्याला अटलांटात 73,000 लोक जमले होते.

तरीही माझा होकार बिनशर्त नाही. फोर्साइथ काउंटीत 2023 मध्ये अरीनाचा प्रस्ताव पुढे आला आणि पुढच्या बोलण्यांत सरकारी कर्जरोख्यांचाही विषय निघाला. मुलांच्या शाळा बघून तिथे घरं घेतलेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. उद्या संघ पुन्हा निघून गेला, तर त्या रिकाम्या अरीनाचं कर्ज कोण फेडणार?

म्हणून शहराला संधी जरूर द्या. परीक्षा मात्र या वेळी मालकाची घ्या!